तुलना करा : पाच गुण

प्रश्न तिसरा, उपप्रश्न ब.
प्राचीन संस्कृतींतील धर्मश्रद्धा व विधी यांची तुलना करा.
तक्ता काढल्यास अर्धा गुण जास्त,
हे मीच वर्गात सांगून ठेवलेले.

रिवणात दुपारपासून वीज नाही.
रस्त्यावरून पोदेराचा भोंगा गेला
आणि पुढ्यात एकोणचाळीस पेपर, सगळे सारखे:
मिसर – आत्मा अमर, म्हणून ममी.
सुमेर – विटांचे झिगुरात, वर चंद्रदेव.
सिंधू – मातृदेवता असावी, बहुधा.
हे 'बहुधा' माझे.
एकोणचाळीस वेळा परत आले,
बाजारात न चाललेल्या नाण्यासारखे.

चाळिसावा, शर्मिला पुरसो वेळीप.
गेल्या महिन्यात पंधरा दिवस गैरहजर.
तिने तक्ता पट्टीने आखला आहे, तीन रकाने,
आणि समासाच्या पलीकडे, जिथे लिहू नये असे छापलेय,
तिथे चौथा: आमच्या घरी.

मिसरमध्ये मेलेल्याचे काळीज तराजूत घालत.
दुसऱ्या पारड्यात पीस.
काळीज जड भरले की संपले.
आमच्या घरी तराजू नाही.
बाबा गेला त्या जागेवर पीठ पसरले,
दिवा लावला, वर टोपली पालथी घातली.
रात्रभर तिकडे कोणी बघितले नाही.
सकाळी पिठात पाऊल होते, पाखराचे.
काका म्हणाला, सुटला.
आई म्हणाली, कसले पाखरू ते सांगा.

सुमेरमध्ये मेलेल्यांना पिसांचे कपडे असतात
आणि खायला धूळ, असे मानत.
म्हणून जिवंत माणसे नळीतून कबरीत पाणी ओतत.
हे पुस्तकात नाही, टीचरने एकदा सांगितले होते.
आमच्याकडे नळी नाही, कावळा आहे.
तो खूप वेळ आला नाही.
काकाने शेताचे कबूल केले, आला नाही.
बैल विकणार नाही म्हटले, तरी नाही.
मग आई म्हणाली, चेडवाला शाळेतून काढणार नाही.
मग आला.

क्रीटमध्ये चक्रव्यूह होता म्हणतात, आत बैल.
आमच्याकडे पण नदीकाठच्या दगडावर आहेत,
बैल वेगळा, चक्र वेगळे.
बाबा सांगायचा, ती गुराख्यांनी काढली.
कशाला काढली ते त्याला विचारायचे राहिले.

साम्य: सगळीकडे पाखरू आहे.
फरक: बाकीच्यांचे उत्खनन झाले.

लाल पेन उघडे राहून सुकले.
'बाबा गेला' याखाली मी रेघ मारून ठेवली होती,
सवयीने,
'वडील वारले' असे सुचवायला.
ती खोडता येत नाही.

रविवारी स्कूटर काढून उसगाळीमळला गेले.
वीस वर्षे शिकवतेय, दोनदाच आलेली,
दोन्ही वेळा सहल, डबे, हजेरी.
ऊन टळटळीत. जांभ्यावर काहीच दिसेना,
नुसता दगड, तापलेल्या तव्यासारखा.
राखणदार म्हणाला, थांबा,
आणि प्लास्टिकच्या बाटलीतून पाणी ओतू लागला.
खोबणीतून पाणी चालत गेले,
आधी एक शिंग,
मग पाठीचा बाक,
मग ते वळत वळत आत जाणारे चक्र,
ज्याला आम्ही दर वर्षी वेगळे नाव देतो.
बाटली संपली. तो दुसरी भरायला कुशावतीकडे उतरला.
रोज किती वेळा ओतता, विचारले.
माणसे येतील तेवढ्या वेळा.

पाणी सुकत होते.
बैल पुन्हा दगडात चालला होता, शेपटीपासून.
मी बोट टेकवले चक्रात, बाहेरच्या टोकाला,
आणि मधल्या ठिपक्यापर्यंत पोचायच्या आत
वाट कोरडी झाली.

गुणांची चौकट अजून रिकामी आहे.
उद्या निकालपत्रके द्यायची आहेत.

परतताना काठाच्या ओल्या गाळावर
तीन-तीन बोटांची पावले दिसली, ताजी,
पाण्याकडे गेलेली, परत न आलेली.
बराच वेळ वाकून पाहिली.
धोबी असावा.
बहुधा.